पोटातल्या बाळाचं रक्त घडतंय, गोळी विचारून घ्या

पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. तुमचीही खात्री पटलेली नसते. आणि बाळाच्या रक्ताच्या पहिल्या पेशी तयार होऊ लागलेल्या असतात! पुढे काही महिने हे काम त्याच्या यकृतात चालतं, मग हाडांच्या पोकळीत स्थिरावतं. या सगळ्या काळात आईने घेतलेली कितीतरी औषधं वारेतून बाळापर्यंत पोचतात.

म्हणून मेडिकलच्या काउंटरवर लाजू नका. ‘दिवस गेले असतील’ एवढं स्पष्ट सांगा. शेजारणीला लागू पडलेली गोळी घेऊ नका.

सांधेदुखीवरचं, सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट फोलिक ॲसिडचं काम अडवतं, आणि त्यावाचून रक्तपेशी नीट वाढत नाहीत. फोलिक ॲसिड आणि रक्ताचं हे नातं उलगडायला सुरुवात झाली ती मुंबईत. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे डॉ. लूसी विल्स यांनी 1931 मध्ये मांडलं. तो गुण फोलेटचा, हे पुढे कळलं. आज तेच फोलिक ॲसिड लोहाच्या गोळीत फुकट मिळतं. ती गोळी रोज घ्या. डब्यात साठवू नका.

विदर्भातल्या, नंदुरबारमधल्या माझ्या बहिणींनो, सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर मूल ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटा. नवरा घेत असेल तरीही भेटा. पण फिटचं, सिकलसेलचं, कुठलंच औषध आपल्या मनाने बंद करू नका. त्यात आई आणि बाळ दोघांचा जीव धोक्यात येतो.

आणि साखर! आईची वाढलेली साखर थेट बाळाकडे जाते. बाळ जास्त इन्सुलिन बनवतं, त्याला प्राणवायू कमी पडू लागतो, मग एरिथ्रोपोइटिन हे संप्रेरक वाढतं. तांबड्या पेशींची गर्दी होते आणि बाळ घट्ट रक्त घेऊन जन्मतं. साखर ताब्यात ठेवली तर हे बव्हंशी टळतं. डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं तर घाबरू नका, घ्या. ते सहसा वार ओलांडत नाही.

सासूबाई, तुम्ही तिचे डोहाळे हौसेने पुरवता. तिला साखरेच्या तपासणीलाही तुम्हीच घेऊन जा. दादा, एक दिवसाची रजा टाका. आजच आशाताईंना गाठून नाव नोंदवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. जाताना घरातल्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या, काढ्याच्या पुड्यांसकट, आणि डॉक्टरांसमोर सगळी रिकामी करा.