त्याने जिभेला हात लावला



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात लोक एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला प्रभूकडे आणतात. मुलूख परक्यांचा. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, कानांत बोटे घालतो, थुंकी लावून जिभेला स्पर्श करतो. परक्याच्या तोंडाला हात लावायची त्याला किळस आली नाही.

आपल्याला येते.

गेल्या महिन्यात खकनारकडच्या एका कोरकू बहिणीबरोबर मी तपासणीला गेले होते. सहावा महिना, हिरड्या सुजलेल्या. भाकरी चावता येईना म्हणून आठवडाभर कण्या पातळ करून पीत होती. वजन झाले, रक्तदाब झाला. "हिरड्यांतून रक्त येतं," मी सांगितले. टेबलामागच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "तुम लोग दाँत साफ ही कहाँ करते हो!" टॉर्च टेबलावरच होता. याआधीच्या बाईला मात्र "दीदी, बैठिए" ऐकू आले होते. आमची बहीण तोंडावर पदर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, पुन्हा यायचं नाही.

गरोदरपणात संप्रेरके बदलतात, त्यामुळे हिरड्या लवकर सुजतात. ओकाऱ्यांच्या आम्लाने दात झिजतात; ओकारी झाल्यावर आधी नुसत्या पाण्याने चूळ भरावी, लगेच घासू नये. दातांवर उपचार या काळात करता येतात, चौथा ते सहावा महिना सोयीचा. हिरड्यांचा जुना आजार आणि अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे बाळ यांचा संबंधही अनेक अभ्यासांत दिसला आहे. "प्रत्येक बाळामागे एक दात जायचाच" हे खोटे आहे. हे सगळे तिला त्या टेबलावर सांगायला पाच मिनिटे पुरली असती.

मशेरी वाईटच. पण आपल्या शहरातल्या किती मावश्या, आत्या मशेरी लावतात! त्यांची "सवय" असते, कोरकू किंवा बारेला बाईची मात्र "जात" निघते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गरोदर आदिवासी स्त्रियांच्या एका अभ्यासात वंशभेदाचा अनुभव आणि दात घासण्यातली हयगय यांचा संबंध आढळला. अपमानाचा ताण मध्ये होता. ज्याला रोज घाणेरडे म्हटले जाते, त्याला स्वतःची निगा राखायचा हुरूप कुठून येणार?

आणि दवाखान्यालाच का बोलू? मिस्सेनंतरच्या चहाला आदिवासी पाड्यांवरच्या बहिणींसाठी कागदी पेले आणि आपल्याला कपबशी, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. इतकी वर्षे मुलांना धर्मशिक्षण देते, त्या दिवशी मीही गप्प राहिले. याकोबाच्या पत्रातला सोन्याची अंगठी घालून सभेत आलेला माणूस आणि मळक्या कपड्यांतला गरीब आठवा. मळक्या कपड्यांतल्याला उभे कोणी ठेवले? सभेनेच.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. येत्या ९ला ती पुन्हा यायला तयार झाली आहे, महत्प्रयासाने. दंतवैद्याकडे पाठवायची चिठ्ठी आम्ही मागून घेणार आहोत. एकटीने बाकावर बसायला ती नको म्हणते. सकाळी आठला चर्चच्या फाटकाशी भेटू; आणखी दोघी-तिघी आल्या तर बरे होईल.