तेच कार्ड पुन्हा निघालं, म्हणून?



मागच्या रविवारी बस्तीत स्वाध्याय संपला आणि आम्ही सहा-सात जणी बाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. एकीने हळूच विचारलं, "अक्का, माझ्या तिन्ही रीडिंगमध्ये तेच कार्ड निघालं. काय सांगायचं असेल हो त्याला?" मी काही बोलायच्या आत चौघींकडून चार सल्ले आले. एक म्हणाली, ते कार्ड उशीखाली ठेवून झोप. दुसरी म्हणाली, पर्समध्ये ठेव म्हणजे त्याची ऊर्जा ओळखीची होते. तिसरी म्हणाली, त्याच्यावर आणखी एक कार्ड काढ, ते पहिल्याचा खुलासा करतं. चौथीने तर वही घालायला सांगितली, रोज त्या कार्डाकडे बघून मनात येईल ते लिहायचं.

दहा मिनिटांपूर्वी याच आम्ही सम्यक्दर्शनाची आठ अंगं म्हणत होतो. त्यातलं चौथं अंग अमूढदृष्टी. ते म्हणून तोंड अजून वाळलंही नव्हतं.

मी त्या दिवशी गप्प बसले, आणि गप्प बसले याचंच वाईट वाटतंय. म्हणून आज लिहिते. थोडं कडक लिहीन, सांभाळून घ्या.

आधी हे पत्ते काय आहेत ते बघू. टॅरोचा जोड 78 पानांचा. त्यात 22 मोठी पानं आणि 56 लहान, म्हणजे चार रंगांची प्रत्येकी 14. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला म्हणून निघाले, आपल्याकडे सुट्टीत मुलं बदामसात खेळतात तसे. भविष्य सांगायला त्यांचा वापर वाढला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. 1781 मध्ये कूर द जेबलॅं नावाच्या गृहस्थाने लिहिलं की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. गंमत अशी की त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाही वाचता येत नव्हती. ती शांपोल्योंने उलगडली 1822 मध्ये. आज आपल्या मोबाईलवर जी चित्रं दिसतात ती बहुतेक 1909 साली लंडनमध्ये छापलेल्या जोडाची, आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेली. चित्रं सुंदर आहेत, तिच्या हाताला माझा नमस्कार. पण "हजारो वर्षांचं ज्ञान" म्हणून जे आपल्याला विकलं जातं त्याचं वय एवढंच आहे.

आता "तेच कार्ड पुन्हा पुन्हा" याबद्दल. गणित माझ्या मुलाने करून दिलं, मी कॅल्क्युलेटर घेऊन ताडून पाहिलं. रोज सकाळी 78 मधून एक कार्ड काढायचं, परत मिसळून ठेवायचं. अकरा दिवसांत कुठलं ना कुठलं कार्ड दुसऱ्यांदा निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. महिनाभरात एकही कार्ड परत आलं नाही तर तेच नवल. दहा-दहा कार्डांची दोन रीडिंग घेतली तर निदान एक कार्ड दोन्हीकडे असण्याची शक्यता चारातून तीन.

तुम्ही म्हणाल, दोनदा ठीक, पण तिन्ही वेळा? तेही मोजलं. दहा कार्डांची तीन रीडिंग घेणाऱ्या साधारण सहा-सात जणींमागे एकीला कुठलं तरी एक कार्ड तिन्ही वेळा दिसणारच. आपल्या महिला मंडळातल्या तीस जणींनी अशी रीडिंग घेतली, तर चार-पाच जणींना "कार्ड माझा पिच्छा सोडत नाही" असं वाटेल. कट्ट्यावर बोलतात त्या या चार-पाच. बाकीच्या पंचवीस जणींकडे सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून त्या चहा पितात. त्यातही नीट पिसले तरच हा हिशोब. चार वेळा वरच्यावर हलवून ठेवलेले पत्ते मिसळतच नाहीत, कालची पानं आजही हाताशीच राहतात.

आणि भीतीचं म्हणाल, तर मृत्यू, कोसळणारा मनोरा, सैतान, तीन तलवारी आणि दहा तलवारी ही पाच पानं तेवढी धरा. दहा कार्डांच्या रीडिंगमध्ये यातलं निदान एक निघण्याची शक्यता निम्मी. म्हणजे प्रत्येक दुसरी बाई घाबरूनच उठणार. घाबरलेली बाई पुन्हा येते. धंदा त्याच्यावर चालतो.

एवढ्यावर मी थांबले असते. पत्त्यांच्या गणितावरून मला कुणाशी भांडायचं नव्हतं. पण आमच्या घरात जे झालं ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. माझ्या धाकट्या जावेला विचारून लिहिते आहे. तीच म्हणाली, "लिही अक्का, माझं नाव नको, पण लिही."

तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती रात्र-रात्र झोपत नव्हती. कुणीतरी नंबर दिला आणि ती फोनवर रीडिंग घेऊ लागली. पहिल्या वेळी तलवारींची राणी निघाली. दुसऱ्या वेळी तीच, चौथ्या वेळी पुन्हा तीच. या राणीचा एक जुना अर्थ विधवा, कठोर बाई असा लावतात. समोरच्या बाईने विचारलं, "घरात वयस्कर विधवा कुणी आहे?"

आमच्या सासूबाई. चोवीस वर्षं झाली सासरे जाऊन. दोन्ही सुनांची बाळंतपणं केलेली बाई.

"ही ऊर्जा बाळाच्या जवळ नको," एवढंच ती बाई म्हणाली. त्याहून जास्त तिला बोलावंच लागलं नाही. बाळ झालं, देवाच्या कृपेने म्हणणार नाही मी, बाळाच्या पुण्याने आणि डॉक्टरांच्या कष्टाने, सुखरूप झालं. आणि सात महिने सासूबाईंनी ते मांडीवर घेतलं नाही. कधी ते झोपलेलं असायचं, कधी त्याला सर्दी असायची, कधी "नको आत्ती, तुमचे गुडघे दुखतात." त्या काही बोलल्या नाहीत. अंगड्या-टोपड्यांचा शिवलेला ढीग त्यांनी कपाटात ठेवून दिला. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याच पायगुणाचं काही असेल."

ज्या बाईने आयुष्यभर मुंगीला वाट करून दिली, तिला आपणच अपशकुन ठरवलं. एका खेळाच्या पत्त्यावरून. ही हिंसा नाही तर काय आहे? आपण कांदा-बटाटा सोडतो, रात्री जेवत नाही, पाणी गाळून पितो. आणि घरातल्या जिवंत माणसाचं मन असं सात महिने चिरत बसतो.

मला ठाऊक आहे, तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, "ती रीडर वाईट होती. चांगल्या रीडर असं सांगत नाहीत. त्या म्हणतात, कार्ड परत येतं म्हणजे तू एक धडा शिकायचा राहिला आहेस, आत बघ." हा मुद्दा मी टाळणार नाही. प्रश्न चांगलाच आहे. पण मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या घरात रोज संध्याकाळी विचारायची सोय आहे, तिला प्रतिक्रमण म्हणतात. आज कुठे चुकले, कुणाला दुखावलं, तेच पुन्हा का झालं. त्याला पत्ते लागत नाहीत, पैसे लागत नाहीत आणि अपॉइंटमेंट लागत नाही. शिवाय त्यात सबब मिळत नाही. कार्ड म्हणतं "तुझ्या आयुष्यात एक कठोर बाई आहे." प्रतिक्रमण विचारतं "तू आज कुणाशी कठोर वागलीस?" फरक एवढाच, आणि सगळा संसार त्या फरकावर आहे.

पुन्हा पुन्हा येणारं खरोखर काही असेल तर ते आपले कषाय. क्रोध, मान, माया, लोभ. पत्त्यांचे रंग चार आणि हेही चारच. पण हे पिसले तरी जात नाहीत. माझं सांगते, माझ्याकडे मान रोज निघतो. जावेने मला न विचारता रीडिंग घेतलं याचा मला जास्त राग आला होता की सासूबाईंच्या दुःखाचा, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. "आपल्या शास्त्रात निमित्तज्ञान आहेच की! त्रिशलामातेची सोळा स्वप्नं आहेत, भद्रबाहू स्वामींनी बारा वर्षांचा दुष्काळ आधी सांगितला." हो, आहे. पण पुढे काय झालं ते बघा. दुष्काळ कळल्यावर भद्रबाहू संघ घेऊन दक्षिणेला आले, चर्या सांभाळता यावी म्हणून. कुणाला तोडगा दिला नाही, कुणावर बोट ठेवलं नाही. आणि हेही लक्षात घ्या की मुनींच्या आहाराचे जे दोष मूलाचारात सांगितले आहेत त्यात निमित्त हा एक दोष आहे. भविष्य सांगून त्या बदल्यात आहार मिळवला तर तो आहार सदोष. साधूला ज्या विद्येवर एक घास घेता येत नाही, तिच्यासाठी आपण मिनिटांच्या हिशोबाने पैसे मोजतो.

रेवती राणीची गोष्ट पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलो. मथुरेत क्षुल्लकाने विद्येच्या बळावर एकेका दिशेला एकेक देव उभा केला, गाव लोटलं, राणी गेली नाही. शेवटी त्याने समवसरण रचून साक्षात तीर्थंकर दाखवले. तेव्हाही ती म्हणाली, तीर्थंकर चोवीसच, हे पंचविसावे कुठून आले? तिने हिशोब केला, एवढंच. श्रद्धा म्हणजे डोळे मिटणं असं आपल्याला वाटतं. अमूढदृष्टीचं उदाहरण म्हणून आपल्या आचार्यांनी निवडली ती मोजून बघणारी बाई.

आणि पत्त्यांनाच बोल लावून मी सुटत नाही. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडात लोकमूढता, देवमूढता आणि गुरुमूढता अशा तिन्ही सांगितल्या आहेत. नवस बोलून विधान करणारी, मुलाच्या नोकरीसाठी अंगठीचा खडा बदलणारी, माताजींकडे जाऊन धर्म न विचारता "कधी होईल" विचारणारी मीच आहे, तुम्हीही आहात. आमची पोरगी टॅरोकडे गेली कारण घरात तिने हेच पाहिलं होतं. फक्त तिचं इंग्रजीत होतं.

आणखी एक सांगते, ते जास्त टोचेल. पहिलं बाळ गेल्यावर जावेशी त्याबद्दल आम्ही कुणीच बोललो नाही. "कर्माचा उदय" म्हटलं आणि स्वयंपाकाला लागलो. ती रीडर तिचं चाळीस मिनिटं ऐकून घ्यायची. पैसे घेऊन का होईना, ऐकायची. कर्मसिद्धांत हा दुसऱ्याच्या तोंडावर मारायचा दगड नाही, स्वतःला सावरायची काठी आहे. ती काठी आम्ही तिला दिली नाही आणि मग ती पत्त्यांच्या आधाराने चालली म्हणून तिला नावं ठेवली.

तर कट्ट्यावरच्या त्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. कार्ड उशीखाली ठेवू नकोस. वही घालायचीच असेल तर निघालेलं प्रत्येक कार्ड लिही, भीती वाटली तेवढंच नको. महिन्याभरात तुझं तुलाच कळेल. दुखत असेल तर डॉक्टरकडे जा, कर्जाची काळजी असेल तर नवऱ्यासमोर पासबुक उघड, कुणाचा संशय येत असेल तर त्या माणसाशी जाऊन बोल. आणि झोप येत नसेल तर रात्री बाराला मला फोन कर. मी सल्ला देणार नाही, ऐकेन.

आमच्या घरी आता बाळ दोन वर्षांचं आहे. आठव्या महिन्यात जाऊ स्वतः उठून सासूबाईंच्या खोलीत गेली, बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि रडली. सासूबाईंनी काही विचारलं नाही. कपाट उघडून टोपडी काढली. एकही त्याच्या डोक्याला बसलं नाही, सगळी लहान झाली होती.

कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.