गुहा, पडदा आणि उपयोजनाची घाई

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागातील गुहेच्या दृष्टान्ताचे चित्रपटांवर उपयोजन करणे, हा आता समीक्षेतील सरावाचा भाग झाला आहे. समीकरण ठरलेले असते : साखळदंडांत जखडलेला कैदी म्हणजे नायक, भिंतीवरील सावल्या म्हणजे त्याचे खोटे जग, सूर्य म्हणजे सत्य. ‘द ट्रुमन शो’ (१९९८) आणि ‘द मॅट्रिक्स’ (१९९९) यांवरील बरेचसे लेखन याच साच्यातून निघाले आहे. आपल्याकडील चर्चासत्रांत त्याला ‘माये’ची जोड देऊन ते देशीही केले जाते. या व्यवहारात साम्ये भरपूर हाती लागतात. परंतु त्यातून दृष्टान्तही उलगडत नाही आणि चित्रपटही उलगडत नाही.

सॉक्रेटिस हा दृष्टान्त सांगतो तो शिक्षण आणि शिक्षणाचा अभाव यांच्या संदर्भात. कैदी स्वेच्छेने सुटत नाही. त्याला मान वळवणे भाग पाडले जाते, खडबडीत चढणीवरून ओढत नेले जाते. त्याचे डोळे दुखतात, तो मागे पळू पाहतो. उलट मॉर्फियस निओपुढे दोन गोळ्या ठेवून निवड त्याच्यावर सोपवतो. ही निवड प्लेटोची नव्हे, बाजारातील ग्राहकाची आहे. पुढे निओच्या मेंदूत युद्धकला यंत्राद्वारे भरली जाते. आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालावी तसे ज्ञान आत्म्यात घालता येते, हा समज तर सॉक्रेटिस दृष्टान्तानंतर लगेच खोडून काढतो. शिक्षण म्हणजे त्याच्या मते समग्र आत्म्याचे वळणे होय. शिवाय गुहेबाहेरचा सूर्य श्रेयसाचे प्रतीक आहे, तर ‘मॅट्रिक्स’मध्ये माणसांनीच आकाश काळवंडून टाकले आहे. तेथील भय देकार्तने १६४१ साली कल्पिलेल्या कपटी राक्षसाच्या अधिक निकटचे आहे.

मायेशी घातलेली सांगडही अशीच सैल आहे. गुहेतील सावल्या वस्तूंच्या प्रतिकृतींच्या असतात, आणि बुटक्या भिंतीआडून त्या प्रतिकृती वाहून नेणारी माणसे असतात. ही माणसे कोण, हा राजकीय प्रश्न आहे. अद्वैतातील अविद्येत असे मानवी वाहक नाहीत. त्यामुळे ‘माया’ म्हणताच हा प्रश्न पुसला जातो. ‘ट्रुमन शो’मध्ये मात्र क्रिस्टॉफ हा असा वाहक आहे, आणि अंकित झालेले प्रेक्षकही आहेत. ट्रुमन दाराबाहेर पडतो, त्याच्या सुटकेवर आनंदलेले पहारेकरी पुढच्याच क्षणी दुसरा कार्यक्रम शोधू लागतात. गुहा तशीच राहते. नायकाच्या सुटकेवर थांबणाऱ्या समीक्षेला हे दिसत नाही. प्लेटोच्या मुक्त माणसाला तर परतावे लागते. तो हास्यास्पद ठरतो, त्याला ठार मारण्याची भाषा होते. त्या ओळींवर इ.स.पू. ३९९ मधील सॉक्रेटिसच्या मृत्यूची छाया आहे.

गुहा आणि चित्रपट यांचे नाते मुळातच असंभाव्य आहे, असे कोणी म्हणणार नाही. आजच्या प्लेटोने भूमिगत चित्रपटगृहाची उपमा योजली असती, अशी टीप कॉर्नफर्डने १९४१ च्या आपल्या भाषांतरात दिली होती. बोद्रीने १९७५ मध्ये या नात्याचा सैद्धान्तिक विचार केला. परंतु त्याचे लक्ष कथानकावर नव्हते. अंधार, प्रेक्षकाची निश्चलता, पाठीमागून येणारा प्रकाश या रचनेवर होते. म्हणजे उपयोजन करणाऱ्याला कैदी पडद्यावर नव्हे, खुर्च्यांत शोधावा लागेल.

बर्तोलुचीच्या ‘द कन्फॉर्मिस्ट’ (१९७०) मध्ये दृष्टान्त प्रत्यक्ष उच्चारलाच जातो. फॅसिस्टांचा हस्तक मार्चेल्लो आपल्या जुन्या प्राध्यापकाला, क्वाद्रीला, प्लेटोच्या गुहेवरील आपल्या नियोजित प्रबंधाची आठवण देतो. अंधाऱ्या खोलीत त्याची सावली भिंतीवर पडलेली असते. खिडकी उघडताच ती विरते. पुढे याच क्वाद्रीच्या हत्येला मार्चेल्लोचा हातभार लागतो. दृष्टान्त मुखोद्गत असणे आणि त्याने वळणे, यांतील अंतर याहून कठोरपणे क्वचितच मांडले गेले असेल.

म्हणूनच आक्षेप उपयोजनाला नाही, त्याच्या घाईला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला सिद्धान्ताचा शिक्का हाती देऊन कलाकृती शोधायला पाठवणे, हे त्याला सावल्यांची नावे पाठ करायला लावण्यासारखे आहे. गुहेतही सावल्यांचा क्रम अचूक ओळखणाऱ्यांना मानसन्मान मिळतात, असे सॉक्रेटिस सांगतो. चित्रपट दृष्टान्ताशी कोठे जुळतो, हे विचारून झाल्यावर तो त्याच्याशी कोठे भांडतो, हे विचारणे हे समीक्षेचे काम आहे. तो प्रश्न ज्या प्रबंधात नाही, त्याला साम्यांची यादी म्हणावे. समीक्षा म्हणू नये.