तळ्याखालचा कातळ आणि माणसांचा मेळ

नवे काही सुचणारी आणि सुचलेले करून दाखविणारी माणसे एकत्र कशी आणावीत व कशी टिकवावीत, हा प्रश्न सध्या उद्योगजगतात मोठ्या हिरिरीने चर्चिला जातो. त्यासाठी महागड्या हॉटेलांत शिबिरे भरतात, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर डकविल्या जातात आणि सोमवारी मंडळी आपापल्या खुर्चीत पूर्ववत् बसतात. या चर्चेमागे एक गृहीत असते. कल्पकता ही खासगी कंपन्यांची मिरास. सरकारी खाते म्हणजे टिपणी, जावक क्रमांक आणि विलंब. हे गृहीत तपासून पाहावयाचे असेल तर कोयनानगरला जावे.

१३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयाला खालून छिद्र पाडण्यात आले. हजार मेगावॅटच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशयातून नवा बोगदा काढावयाचा होता. पण त्यासाठी जलाशय रिकामा करणे म्हणजे राज्याची वीज तोडणे. तेव्हा बोगदा उलट्या बाजूने, जमिनीखालून तळ्याच्या तळापर्यंत खोदत न्यावयाचा, शेवटी काही मीटरांचा कातळ बुचासारखा राखावयाचा आणि तो एका स्फोटात उडवून द्यावयाचा, हे नॉर्वेत रुळलेले तंत्र येथे प्रथमच अवलंबिले गेले. आशियातील हा असा पहिलाच प्रयोग मानला जातो. स्फोट फसला, कातळ अर्धवट फुटला, तर वर अथांग पाणी आणि खाली दगडांनी तुंबलेला बोगदा. दुसऱ्यांदा संधी नाही.

असे काम एका बुद्धिमान माणसाच्या आवाक्यातले नव्हे. कातळातील भेगा भूगर्भशास्त्रज्ञाला कळतात, सुरुंगाची मांडणी स्फोटतज्ज्ञाला. बोगद्यात आधी किती पाणी भरावे, कातळाखाली हवेची किती पोकळी राखावी, फुटलेला दगड कोणत्या खड्ड्यात पडेल, हे जलप्रवाहाचा अभ्यासक सांगतो. आणि दरवाजा तो धक्का सोसेल काय, हे यांत्रिकी अभियंता. यांपैकी प्रत्येकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून. येथे ‘वरिष्ठांच्या अवलोकनार्थ सादर’ असे लिहून कागद पुढे सरकविल्याने भागत नाही. समोरासमोर बसून भांडावे लागते. आमच्या मते पथक कल्पक होते ते या भांडणामुळे, आणि ते भांडण निर्भयपणे करता येते ते माणसे वर्षानुवर्षे एकाच कामाशी बांधलेली असल्यामुळे. दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या कचेरीत कोणी कोणाशी मनापासून भांडत नाही. तिसऱ्या वर्षी कशाला वाईटपणा घ्यावयाचा? २५ एप्रिल २०१२ रोजी हाच प्रयोग त्याच जलाशयात पुन्हा यशस्वी झाला. अनुभव जागीच मुरू दिला तर तो पुढच्या कामाला येतो, याचा हा पुरावा समजावयास हरकत नाही.

कोयनेचा आणखी एक धडा जुना आहे. १९६२ पासून जलाशयात पाणी साठू लागले आणि परिसरात बारीक हादरे जाणवू लागले. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित, अशी त्या काळची पक्की समजूत. त्या समजुतीच्या आधारे हादऱ्यांची फाईल ‘दप्तरी दाखल’ करणे सोपे होते. तसे न करता भूकंपमापक बसविले गेले. धरणाच्या अंतर्भागातही यंत्र बसले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे दगावली, धरणाला तडे गेले. पण धरण उभे राहिले. त्या यंत्राने टिपलेला आलेख पुढे जगभरच्या धरणतज्ज्ञांनी अभ्यासला. तडे भरून, मागील अंगास काँक्रीटचे भरभक्कम आधार देऊन धरण बळकट करण्यात आले. गैरसोयीची नोंद फेकून न देणे, हीसुद्धा कल्पकताच. फक्त तिला बक्षीस मिळत नाही.

येथवर कौतुक झाले. परंतु याच प्रकल्पाची एक बाजू अशी आहे की जेथे यांपैकी काहीच घडले नाही. धरणासाठी उठविलेल्या गावांची माणसे सातारा, सांगली, सोलापूरपासून रायगड, रत्नागिरीपर्यंत पांगली. जमीन, नागरी सुविधा, नोंदी यांसाठी त्यांना २०१८ साली, म्हणजे धरण पुरे होऊन पन्नासहून अधिक वर्षे लोटल्यावर, कोयनानगरात आंदोलनास बसावे लागले. तळ्याचा तळ भेदणे पुनर्वसनाहून सोपे होते काय? मुळीच नाही. फरक इतकाच की कातळासाठी पथक होते, माणसांसाठी फक्त खाती होती. महसूल म्हणे वनखात्याकडे जा, वनखाते म्हणे पाटबंधाऱ्याकडे. स्फोट फसला असता तर जबाबदार कोण, हे सर्वांना ठाऊक होते. पुनर्वसन फसले तर जबाबदार कोण, हे आजही कोणी सांगू शकत नाही.

तेव्हा कल्पक पथकांच्या गोष्टी करणाऱ्यांनी, सरकारने तर प्रथम, हा प्रयोग करून पाहावा. महसूल, वन, जलसंपदा या खात्यांतील निवडक माणसे आणि त्यांच्या जोडीला बरोबरीच्या नात्याने प्रकल्पग्रस्तांचे प्रतिनिधी, असे एकच पथक नेमावे. काम संपेपर्यंत कोणाची बदली नाही, आणि प्रमुखाचे नाव जाहीर. त्याच्या बैठका मंत्रालयात नव्हे, कोयनानगरातच भराव्यात. मुंबईला खेटे घालता घालता धरणग्रस्तांची दुसरी पिढीही म्हातारी झाली आहे.