ग्रिल नको, आधी पल्ला आवळा

बाल्कनीच्या स्लायडिंग दाराचा विषय निघाला की सोसायटीत एकच सल्ला मिळतो: बाहेरून ग्रिल ठोकून घ्या, चिंता मिटली. मला तो मान्य नाही. फ्लॅटला मुख्य दाराखेरीज बाल्कनी हीच काय ती मोकळी बाजू असते. आग दाराकडे लागली तर घरच्यांनी ग्रिलला धरून उभं राहायचं आणि खाली जवानांनी ते कापेपर्यंत वाट पाहायची का? ग्रिल हवंच असेल तर त्याला आतून उघडणारी झडप असली पाहिजे.

ग्रिलवाल्यांचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे: नुसत्या टच लॉकवर विसंबून चालत नाही. पण ते का, हे बघायला हवं. ॲल्युमिनियमचा पल्ला बसवताना कारागीर तो उचलून वरच्या चॅनलमध्ये घालतो आणि मग खालच्या ट्रॅकवर सोडतो. त्यासाठी वर फट ठेवावीच लागते, आणि जो पल्ला उचलून बसतो तो उचलून निघतोही. त्यात बेअरिंग झिजलं की पल्ला खाली बसतो, फट वाढते, लॉकची जीभ खाचेत पुरती अडकत नाही. चोराला लॉक तोडायची गरजच उरत नाही. म्हणून आधी बेअरिंग बदला. मग पल्ला उघडून, बंद असताना तो जिथे येतो त्या भागात, वरच्या चॅनलला दोन-तीन स्क्रू असे पिळा की डोकी खाली राहतील आणि पल्ला त्यांच्याखालून जेमतेम सरकेल. आता तो उचलला जाणार नाही.

‘ट्रॅकमध्ये काठी टाकली की झालं’ असंही सांगतात. काठी चांगलीच, पण अर्धी. आपल्याकडच्या टू-ट्रॅक दारात बहुधा दोन्ही पल्ले सरकतात. आतल्या ट्रॅकमधली काठी फक्त आतला पल्ला अडवते. बाहेरचा पल्ला दुसऱ्या बाजूने खुशाल सरकतो. त्याच्या ट्रॅकची मोकळी जागा काचेच्या बाहेर, तिथे काठी ठेवून उपयोग काय? खरा उपाय मधोमध आहे. दार बंद केल्यावर दोन पल्ल्यांच्या उभ्या पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात, तिथे काच सांभाळून आतून भोक पाडायचं: आतली पट्टी आरपार, बाहेरचीची फक्त आतली भिंत. त्यात पोलादी पिन घातली की एकही पल्ला हलत नाही. फॅब्रिकेटरचं हे थोड्या वेळाचं काम आहे. पिन दोरीने पट्टीला बांधा, घरातल्या आजींनाही अंधारात ती ओढता आली पाहिजे. लहान मूल असेल तर भोक उंचावर घ्या.

‘इतक्या वर कोण चढतंय?’ हा युक्तिवाद तर टिकतच नाही. ड्रेनेजचे पाइप, एसीचे कठडे, शेजारची बाल्कनी आणि शेवटच्या मजल्याला गच्ची, एवढ्या वाटा डोळ्यांसमोर आहेत.

राहिला प्रश्न ‘काच फोडलीच तर?’ फोडता येते, पण आवाज होतो, आणि गुपचूप येणाऱ्याला तोच नको असतो. तरी नवं दार करताना काच विचारून घ्या. टफन्ड काच दणकट, पण एकदा फुटली की सगळीच बारीक दाणे होऊन गळते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये चिकट पडदा असतो, तडे गेले तरी ती जागेवर राहते. जिथे हात घालून कडी काढता येईल तिथे मी लॅमिनेटेडच घेईन.

नव्या फ्लॅटचा ताबा घेताना आपण फरशा वाजवून बघतो. तेव्हाच बाल्कनीचा पल्ला दोन्ही हातांनी वर उचलून बघा, आणि तो ट्रॅकमधून सुटला तर दुरुस्तीच्या यादीत लिहून द्या.