मूळ मागणी कुठे हरवते?



हमीभावाचे बोलायला गेलेले शिष्टमंडळ कापसातल्या ओलाव्यावर भांडून परत येते, हे आपण किती वेळा पाहिले? ओलावा आठ टक्के धरायचा की बारा, काटा किती वाजता सुरू होणार, एवढे पदरात पडले की माणसे खूश. भाव राहिला बाजूला. मग गावात येऊन आपण एकमेकांना फितूर ठरवतो. माझे म्हणणे असे, की बऱ्याचदा ही फितुरी नसते. माणसाच्या डोक्याची ठेवणच तशी आहे.

‘हनोईचा मनोरा’ नावाचे एक कोडे आहे. फ्रान्सच्या एदुआर ल्युका या गणितज्ञाने ते १८८३ मध्ये काढले. तीन खुंट्या, एकीवर चकत्या रचलेल्या, मोठी खाली, लहान वर. सगळी रास दुसऱ्या खुंटीवर न्यायची. एका वेळी एकच चकती उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. तीन चकत्यांना ७ चाली लागतात, पाचांना ३१. गोम अशी, की मोठी हलवायची तर आधी लहान चकत्या भलत्याच खुंटीवर न्याव्या लागतात. त्यात माणूस गुंततो, आणि हे कशासाठी चालले होते तेच विसरतो.

पूर्वी अभ्यासक समजत, की मनात कामांची उतरंड असते. वरचे मडके काढले की खालचे आपसूक हाती येते. अमेरिकेतल्या एरिक ऑल्टमन आणि ग्रेगरी ट्राफ्टन यांनी २००२ मध्ये वेगळे मांडले. मूळ काम हीसुद्धा साधी आठवणच. लक्ष दुसरीकडे गेले की ती फिकी पडते, ताजे काम पुढे घुसते. ती परत यायला समोर खूण दिसावी लागते, आणि त्या खुणेची गाठ काम सोडण्याआधीच कामाशी बांधलेली असावी लागते.

साहेबाला हे वाचायची गरज नाही. ‘आधी सातबारा आणा, मग बघू’ एवढे त्याला पुरते.

म्हणून सुचवतो. शिष्टमंडळातल्या एकाने बोलायचेच नाही. त्याच्या हाती मागणीचा कागद. आत जाण्याआधीच सगळ्यांनी ठरवायचे: कागद टेबलावर दिसला की भावावर यायचे. चहा आला, फोन वाजला, ओलावा निघाला, की त्याने कागद पुढे सरकवायचा. विषय सोडताना क्षणभर थांबून मोठ्याने म्हणायचे, ‘भावाचे इथवर आले.’ ओलाव्याचेही भांडावेच. कापले जातात ते पैसे आपलेच आहेत. पण भावानंतर.

कागद कोणाकडे, ते या बैठकीतच ठरवा. फार बोलणाऱ्याच्या हाती मात्र देऊ नका.