स्फूर्ती पहाटे साडेपाचला येते

मलकापुरात घरी आलेला पाहुणा चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता हमखास विचारतो, "काय हो, चित्र काढायची स्फूर्ती तुम्हाला येते तरी कुठून?"

मी म्हणतो, "येते खरी, पण पहाटे साडेपाचला मी जागेवर असलो तरच!"

यात थट्टा थोडी, अनुभव फार. माझा स्टुडिओ म्हणजे घराची पडवी. खिडकी उत्तरेला, कारण तिकडचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. उठल्यावर आधी कुंचले पाहायचे, पाणी भरायचे, कागद ओला करून फळीवर ताणायचा. आंबा घाटाच्या अलीकडचे हे गाव. पावसाळ्यात रंगाचा एकेक हात वाळता वाळत नाही. मग निखाऱ्यांची शेगडी जवळ ओढायची. जलरंगात पांढरे म्हणजे कोरा राखलेला कागद. तो एकदा गेला की गेला. म्हणून काय रंगवायचे यापेक्षा काय सोडायचे, याचाच विचार आधी.

दहानंतर पोटाचे काम. पूर्वी मी दुकानांच्या पाट्या रंगवीत असे. फ्लेक्स आले आणि ते काम गेले. आता गणपती रंगवितो, मुलांना चित्रकला शिकवितो. त्याची मला लाज नाही. बाबूराव पेंटरांनीही आधी नाटकांचे पडदे रंगविले आणि मग १९२० साली 'सैरंध्री' हा बोलपट नव्हे, मूकपट काढला!

परवा सौ. म्हणाली, "पहाटेही एक शिकवणी घ्या. चार पैसे येतील." हिशेब बरोबर होता. पण ती पहाट विकली, तर मुलांना शिकवायला माझ्याजवळ उरणार काय?

अशा वेळी आबालाल रहिमान आठवतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा चित्रकार शाहू महाराजांच्या आश्रयाला होता. १९२२ साली महाराज गेले. आबालाल १९३१ साली गेले. कोल्हापुरातल्या कोटीतीर्थाच्या काठी राहून त्यांनी तेच तळे, तीच झाडे पुन्हा पुन्हा रंगविली. तळे एकच, पण सकाळ रोज निराळी! मला तशी आमची शाळी नदी पुरे आहे.

शेवटी घरात तोड निघाली. शिकवणी संध्याकाळी वाढवायची, यंदा दिवाळीला नवे कपडे फक्त मुलांना आणि पहाट माझी.

वाचकहो, तुमचा धंदा कोणताही असो; दिवसाचा एक तुकडा असा न विकता ठेवा. बाकीचा दिवस त्यावरच तगतो.